आप्पांची केमो, चार की आठ? आणि त्यांना सांगायचं कसं?

हुपरीची_लेक | ८ नोव्हेंबर, रात्री ११:१०

नमस्कार. दोन वर्षं इथं नुसती वाचते आहे, आज लिहायची वेळ आली. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, वय ५८, हुपरीत चांदीचे कारागीर आहेत. पैंजण बनवतात. तारेच्या बारीक कड्या वळवायच्या, एकात एक गुंफायच्या, घुंगरं जोडायची, हे काम चौदाव्या वर्षापासून करतात. उन्हाळ्यापासून शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून तीन महिने मलमात गेले. शेवटी सप्टेंबरमध्ये कोलोनोस्कोपी झाली आणि मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला, सिग्मॉइड भागात गाठ सापडली. १४ ऑक्टोबरला मिरजेत ऑपरेशन झालं. चांगलं झालं, पोटावर पिशवी लावावी लागली नाही, आठव्या दिवशी घरी आले.

मग रिपोर्ट आला. पीटी३, पीएन१बी. १८ पैकी २ लसिका ग्रंथींत आजार पोचलेला. म्हणजे तिसरी स्टेज. आमच्या ऑन्कोलॉजिस्टनी सांगितलं, केमो घ्यायला हवी. दर तीन आठवड्यांनी एक, अशा आठ. सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन आणि घरी चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. सहा महिने. दाजींच्या ओळखीनं कोल्हापुरात आणखी एका डॉक्टरांना कागद दाखवले, तर ते म्हणाले, या पेशंटला चारही पुरतील, तुमच्या डॉक्टरांशी बोलून बघा.

आता घरात चार तोंडं चार दिशांना. थोरले काका म्हणतात, गाठ काढली ना, मग विष कशाला घालायचं अंगात. मामा म्हणतात, आठ सांगितल्यात तर आठच, जिवाच्या बाबतीत काटकसर नको. भाऊ काहीच बोलत नाही. रिपोर्ट वाचून समजणारी घरात मी एकटी, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. या औषधानं बोटं बधिर होऊ शकतात आणि काहींची तशीच राहतात. आप्पांची बोटं म्हणजे आमचं घर आहे हो.

आणि आप्पांना अजून 'कॅन्सर' हा शब्दच सांगितलेला नाही. 'आतड्याला गाठ होती, काढली, आता ताकदीची सलाईन लावायची' एवढंच त्यांना माहीत आहे. ऑपरेशनला आज २५ दिवस झाले.

---

टिपणवही | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट लिहिणं माझं रोजचं काम, म्हणून तुमचा कागद तेवढा उलगडून सांगतो. औषध ठरवणार तुमचे ऑन्कोलॉजिस्टच.

टी३ म्हणजे गाठ आतड्याचा स्नायूचा थर ओलांडून बाहेरच्या चरबीपर्यंत गेली होती, पण पोटाच्या आवरणातून बाहेर आलेली नव्हती किंवा शेजारच्या अवयवाला चिकटली नव्हती. तसं असतं तर टी४ लिहिलं असतं. एन१बी म्हणजे दोन किंवा तीन ग्रंथींत आजार. चार किंवा जास्त असत्या तर एन२. १८ ग्रंथी तपासल्या ही फार चांगली गोष्ट आहे. किमान १२ तपासल्या जाव्यात असा दंडक आहे, कारण पाच-सहाच बघून 'आजार नाही' म्हणण्यात अर्थ नसतो.

थोरल्या काकांची शंका रास्त आहे, रागावू नका त्यांच्यावर. गाठ पूर्ण निघाली हे खरंच. पण ग्रंथीत पेशी सापडल्या म्हणजे त्यांनी गाठीबाहेरची वाट शोधली होती. त्यातल्या काही आणखी पुढे गेल्या असतील तर त्या सीटी स्कॅनला दिसत नाहीत. केमो त्या न दिसणाऱ्यांसाठी. तिसऱ्या स्टेजला 'केमो की काहीच नाही' हा वाद आता जवळजवळ मिटलेला आहे. तुमच्यापुढचा खरा प्रश्न 'किती' हाच आहे.

त्याचं उत्तर शोधायला मोठं काम झालंय. सहा वेगवेगळ्या अभ्यासांतले मिळून १२,८३४ रुग्ण एकत्र बघितले गेले, तीन महिने केमो विरुद्ध सहा महिने, म्हणजे तुमच्या औषधात चार विरुद्ध आठ. 'आयडिया' नावानं ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. सरसकट सगळ्यांसाठी 'तीन पुरे' असा निकाल ठामपणे देता आला नाही. पण टी१ ते टी३ आणि एन१ असलेल्यांत, म्हणजे तुमच्या आप्पांच्या गटात, तीन वर्षांनी आजार न उलटता असलेले लोक तीन महिन्यांच्या बाजूला ८३.१ टक्के आणि सहा महिन्यांच्या बाजूला ८३.३ टक्के निघाले. शिवाय ऑक्सॅलिप्लॅटिनबरोबर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत एकूणात तीन महिने कमी पडले नाहीत. तुम्हाला सांगितलेली जोडी तीच आहे.

आता बोटांचं. त्याच अभ्यासात, या जोडीवर, रोजच्या कामात अडचण येईल इतपत किंवा त्याहून जास्त बधिरपणा सहा महिने घेणाऱ्यांत साधारण ४५ टक्के लोकांना झाला, तीन महिने घेणाऱ्यांत १४ टक्क्यांना.

ही आकडेवारी तुमच्या डॉक्टरांना नवीन नसणार. आठ सांगण्यामागे त्यांचं काही कारण असू शकतं, रिपोर्टमध्ये काही खटकलं असेल. सरळ विचारा: "आमचा रुग्ण टी३ एन१ आहे, बोटांवर पोट आहे, चार का नको?" एवढंच. आणि रिपोर्टवर एमएमआरची तपासणी आहे का बघा. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ अशी चार नावं दिसतील.

---

हुपरीची_लेक | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

दादा, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. चारही नावांपुढे 'शाबूत' असं लिहिलंय. त्याचा काय अर्थ?

---

टिपणवही | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

पेशीतली दुरुस्तीची यंत्रणा ठीक आहे. म्हणजे घराण्यातून येणाऱ्या लिंच सिंड्रोमची शक्यता बरीच कमी. तरीही तुमची आणि भावाची कोलोनोस्कोपी चाळिशीला व्हायला हवी. वडिलांना हा आजार असला की मुलांनी थांबायचं नसतं. भाऊ चाळिशी ओलांडलेला असेल तर आत्ताच.

---

रंकाळा_फेरी | ९ नोव्हेंबर, दुपारी १:२०

मी स्वतः यातून गेलोय. सात वर्षं झाली. माझ्या पाच ग्रंथींत होतं, म्हणजे एन२. मला दर पंधरवड्याला केमो होती, छातीत औषध सोडायचा पोर्ट बसवलेला आणि कमरेला ४६ तास चालणारा पंप. बारा सांगितल्या होत्या. नवव्यानंतर शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, आता ऑक्सॅलिप्लॅटिन बंद, बाकीचं औषध चालू ठेवू. असं मध्येच कमी करता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी आधी दोनदा गप्प बसलो होतो, औषध बंद केलं तर आजार उलटेल या भीतीनं. ती चूक तुमच्या आप्पांना करू देऊ नका.

हात बरेच सुधारले. तळपाय तसेच आहेत. मागच्या पावसाळ्यात रंकाळ्यावर चालत होतो, उजव्या पायातली चप्पल निघून पडली. मला कळलंच नाही. दहा-बारा पावलं पुढं गेलो, मग मागून एका पोरानं हाक मारली, 'काका, चप्पल!' जन्मभर कोल्हापुरी घातलेला माणूस मी, अंगठा आपोआप धरायचा ती. आता पट्ट्याची सँडल घालतो.

तरी एक सांगतो. माझ्या जागी पाच ग्रंथी असताना मला कुणी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा घेईन. सात वर्षांत मुलीचं लग्न बघितलं. पण आप्पांच्या दोन ग्रंथी आहेत आणि हातात कला आहे. माझा हिशोब त्यांना लागू नाही, त्यांचा वेगळा मांडा.

---

ऊसकरी | ९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

ताई, तुमच्या थोरल्या काकास्नी माझ्याकडनं एवढं सांगा. ऊस तोडून नेला म्हणजे रान मोकळं झालं असं दिसतंय खरं, पण जमिनीत बुडखा ऱ्हातोय आणि खोडवा फुटतोच की. आमच्या चुलत्यांनी बी असंच म्हटलंतं, काढली न्हवं गाठ, आता काय. तिसरीच स्टेज होती. केमो घेतली न्हाई. दीड वर्षानं लिव्हरमध्ये आलं. घेतली असती तर आलं नसतं असं मी म्हणत न्हाई, कुणीच म्हणू शकत न्हाई. पण घरात अजून समदी रात्रीची उठून बसत्यात आणि म्हणत्यात, एकदा घेऊन बघायला पायजे हुती. ही रुखरुख लई वाईट.

खर्चाचं: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसती. आता कुठल्याबी रंगाचं रेशनकार्ड चालतंय, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतोय, त्याच्याकडं बायोप्सीचा रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार घेऊन आधी जावा. मंजुरी आधी, सलाईन मागनं. आम्ही उलटं केलंतं, पैसं परत मिळालं न्हाईत.

---

काढा_आणि_करुणा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मनापासून लिहिते. माझ्या नणंदेला एका वैद्यांच्या काढ्यानं फार बरं वाटलं. साखर आणि गूळ पूर्ण बंद केला की कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतात असंही ते सांगतात. शरीर जाळणाऱ्या औषधांपेक्षा हे करून बघावं.

---

केमोवॉर्ड_ताई | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

ताई, तुमची तळमळ कळते. मी डे-केअरमध्ये केमो देणारी नर्स आहे, एकोणीस वर्षं झाली. नणंदेला बरं वाटलं याचा मला आनंदच आहे. पण साखर-गूळ तोडून या पेशी मरत नाहीत. शरीर भातातून, भाकरीतूनही साखर तयार करतंच. होतं ते एवढंच की ऑपरेशन झालेला माणूस आणखी वाळतो आणि वजन उतरलं की केमो झेपत नाही. काढ्याचं म्हणाल तर त्यात काय आहे ते आम्हाला कळत नाही, आणि मधूनच लिव्हरचा रिपोर्ट बिघडला की दोष काढ्याचा की केमोचा हे ठरवता येत नाही, केमो पुढं ढकलावी लागते. मेडिकलमधून आणलेली ताकदीची टॉनिकंसुद्धा विचारून घ्या. फॉलिक ॲसिड जास्त पोटात गेलं तर कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो.

आता हुपरीच्या ताईंना. तुम्ही विचारलंय चार की आठ. त्याआधीचा प्रश्न तुम्ही शेवटी दोन ओळींत उरकलाय, पण माझ्या मते तोच मोठा आहे.

आप्पांना माहीत नाही असं तुम्हाला वाटतं. माझ्या वॉर्डात असे कितीतरी आप्पा येतात. दारावर पाटी असते. शेजारच्या खुर्चीतला माणूस विचारतो, 'तुमचा कुठला?' पहिल्या अर्ध्या तासात कळतं. मग ते काय करतात माहीत आहे? मुलांना वाईट वाटू नये म्हणून आपल्याला कळलंच नाही असं दाखवतात. दोन्हीकडून लपवालपवी. आणि मग हाताला मुंग्या आल्या तरी सांगत नाहीत, कारण सांगायचं म्हणजे त्या विषयावर बोलणं आलं.

बोटं त्यांची आहेत. ती किती पणाला लावायची हे तुम्ही, मामा आणि काका बसून कसं ठरवणार? त्यांना शब्द सांगा. एकदम सगळे आकडे नका सांगू. विचारत जातील तेवढं सांगा.

---

भवानी_मंडप | १० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

ताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा. माझ्या आईचं थोडं वेगळं होतं, तरी लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल. वय ७६, उजव्या बाजूची गाठ, पीटी३ एन०, २२ पैकी एकाही ग्रंथीत नाही. दुसरी स्टेज. आम्ही सगळे केमो द्यायचीच या तयारीनं गेलो होतो, पैसेही काढून ठेवले होते. पण एमएमआरमध्ये एमएलएच१ आणि पीएमएस२ गैरहजर निघालं. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या स्टेजला ही यंत्रणा बिघडलेली असेल तर आजार उलटण्याची शक्यताच कमी असते, आणि नुसत्या कॅपेसिटाबिनसारख्या औषधानं फायदा दिसत नाही. केमो दिली नाही. घराण्यातला दोष नाही ना हे बघायला बीआरएएफ नावाची आणखी एक तपासणी केली, तो नव्हता. दर तीन महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी, वर्षाला सीटी. तीन वर्षं झाली, आई अजून पहाटे अंबाबाईच्या काकडआरतीला जाते.

आईला आम्ही सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'मला वाटलंच होतं, तुम्ही सगळे एकदम प्रेमानं वागायला लागलात.'

---

कागलचा_मुंबईत | १० नोव्हेंबर, दुपारी ४:००

दोन डॉक्टर दोन सांगतात तेव्हा तिसऱ्यासाठी टाटाला यायचा विचार मनात येतोच. मी परळजवळ राहतो, गावाकडची कितीतरी मंडळी माझ्याकडे उतरतात, म्हणून अनुभव लिहितो. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री बसा, सकाळी इथं. येताना नुसते रिपोर्ट आणू नका. ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलच्या लॅबमधून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, मागून आणा, ते पुन्हा तपासतात. नाहीतर त्यासाठी परत मिरजेला फेरी होते.

पण खरं सांगू का, केवळ सल्ल्यासाठी यायची गरज असेलच असं नाही. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली 'नव्या' नावाची ऑनलाइन सेवा आहे, कागद अपलोड केले की तज्ज्ञांचं मत लेखी मिळतं. केमो तर घराजवळच घ्या. उपचारानंतर ताप आला, जुलाब लागले, तर रात्री दोन वाजता पोचता येईल असं हॉस्पिटल हवं. रेल्वेनं अकरा-बारा तासांवरचं काय कामाचं?

आणि तारखेकडे लक्ष ठेवा. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू झालेली बरी. मतं गोळा करण्यात डिसेंबर उजाडायला नको.

---

हुपरीची_लेक | १३ नोव्हेंबर, रात्री ११:५५

सांगितलं.

काल संध्याकाळी आप्पा सोप्यात पाटावर बसले होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हत्यारांची पेटी उघडून नुसती पुसत होते. आई चहा ठेवून आत गेली. मी म्हटलं, आप्पा, ती गाठ साधी नव्हती. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला नाही. 'कॅन्सर होता न्हवं,' म्हणाले. 'मिरजेत खाली उतरताना पाटी वाचली मी.'

महिनाभर त्यांना माहीत होतं. आईसाठी गप्प होते. आई त्यांच्यासाठी गप्प होती.

मग मी थोडं थोडं सांगितलं. दोन ग्रंथी, न दिसणाऱ्या पेशी, ऊसकरी दादांचा खोडवा. तो त्यांना लगेच पटला. मग बोटांचं सांगितलं. आप्पा बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. त्यांनी मला विचारलं, "शंभरातली किती माणसं म्हणालीस? आठ घेतली तर?" मी म्हटलं पंचेचाळीस. "आणि चार घेतली तर?" चौदा. "आणि आजार परत यायचा फरक?" मी म्हटलं, तुमच्या गटात जवळजवळ काहीच नाही. तर म्हणाले, "मग भांडताय कशासाठी? पण डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे मला. मी येतो."

आज आम्ही दोघंच गेलो. आप्पांनी डॉक्टरांसमोर टेबलावर एक पैंजण ठेवलं, स्वतः केलेलं. म्हणाले, "हे डोळ्यांनी होत नाही साहेब, बोटांनी होतं." डॉक्टरांनी ते हातात घेऊन नीट बघितलं. मग रिपोर्ट पुन्हा सगळा वाचला. त्यांनी आठ का लिहिल्या होत्या तेही सांगितलं: एका ठिकाणी रक्तवाहिनीत पेशी दिसल्याचा उल्लेख होता, म्हणून जास्तीच्या बाजूनं जाऊ असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यावरून आप्पा वरच्या धोक्याच्या गटात जात नाहीत हेही त्यांनीच सांगितलं. शेवटी म्हणाले, चार करू, पूर्ण डोसनं, वेळेवर. प्रत्येक वेळी आधी बोटं तपासू. त्यांना पेशंटचा व्यवसाय माहीत नव्हता. केसपेपरवर 'मजुरी' लिहिलं होतं.

२१ तारखेला पहिली. केमोवॉर्डच्या ताई, काय काय तयारी करू?

---

केमोवॉर्ड_ताई | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

डोळ्यांत पाणी आलं बघा. आता कामाचं लिहिते.

सगळ्यात आधी थर्मामीटर घ्या. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर गोळी देऊन झोपवू नका, रात्रीचे तीन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आला तर वाट बघत बसायचं नसतं. दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब झाले की कॅपेसिटाबिनची गोळी थांबवायची आणि फोन करायचा, 'कोर्स पूर्ण करू' म्हणून रेटायचं नाही. छातीत दुखलं तरी तसंच, लगेच. काही थोड्या लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं द्रव्य कमी असतं, त्यांना पहिल्या पंधरवड्यातच तोंड येणं, जुलाब असा जबर त्रास होतो. त्याची रक्ततपासणी आधी करायची का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. रक्त पातळ करायची वॉरफरिन वगैरे गोळी चालू असेल तर न विसरता सांगा.

गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासात, सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतरानं. चौदा दिवस घेऊन सात दिवस सुट्टी. कॅलेंडरवर खुणा करा, कारण सुट्टीच्या आठवड्यात गोळ्या चालू ठेवणारे मी बघितलेत.

थंडीचं नीट ऐका. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर चार-पाच दिवस गार काही नको. फ्रिजमध्ये हात नको, गार पाणी नको. तुमच्याकडे डिसेंबरची पहाट चांगलीच गार असते, तेव्हा मोरीतला पितळी तांब्या, नळाचं पाणी, पत्र्याचं दार, सगळ्यालाच हात लावताना विजेचा झटका बसल्यासारखं होईल. हातमोजे, पायमोजे, कानटोपी. गार वारा घशात गेला तर श्वास अडकल्यासारखं वाटतं, माणूस घाबरतो. कोमट पाणी पाजा, गळ्याला मफलर गुंडाळा, ते उतरतं. सलाईनचा हात दुखतो, तो उबदार कपड्यात गुंडाळून ठेवायचा.

कॅपेसिटाबिननं तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. त्यासाठी एक साधी गोष्ट. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर अभ्यास झाला, २०२४ मध्ये छापून आला: डायक्लोफिनॅकचं १ टक्क्याचं जेल, आपण गुडघ्याला लावतो तेच, हातांना रोज दोनदा लावलं तर हा त्रास बराच कमी झाला. १५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर. डॉक्टरांना विचारून सुरू करा. पण हे कातडीसाठी आहे, बधिरपणासाठी नाही, ती गल्लत करू नका.

खाण्यात घरचं, ताजं, पूर्ण शिजलेलं काहीही चालेल. तांबडा रस्सा कमी तिखट करून द्या, पांढरा तसाच चालेल. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची सवय असेल तर केमो संपेपर्यंत बंद. दूध उकळूनच. उघड्यावरचा उसाचा रस बर्फामुळंही नको आणि स्वच्छतेमुळंही.

---

रंकाळा_फेरी | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:००

एक भर घालतो. रोज तेच काम करून बघायला सांगा आप्पांना. मी शर्टाचं वरचं बटण ठेवलं होतं. त्यांनी एक कडी वळवायची, एक घुंगरू जोडायचं. डॉक्टर विचारतील 'मुंग्या येतात का' तर माणूस म्हणतो 'थोड्या'. त्या 'थोड्या'चा काहीच उपयोग नसतो. 'कालपर्यंत दहा मिनिटांत जे होत होतं त्याला आज वीस लागली' असं सांगितलं तर त्यांना ठरवता येतं. आणि बोटं बधिर असताना आचेजवळ एकट्यानं बसू देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

---

हुपरीची_लेक | ४ जानेवारी, रात्री १०:१५

बरेच दिवस लिहायला जमलं नाही. तीन झाल्या. २१ नोव्हेंबर, १२ डिसेंबर आणि परवा २ जानेवारीला तिसरी.

पहिल्या वेळी घशाचं झालं, आप्पा अंथरुणात उठून बसले, आईनं देवासमोर दिवा लावला. मला ताईंचं लिहिलेलं आठवलं, कोमट पाणी दिलं, वीस मिनिटांत शांत. दुसऱ्यानंतर जुलाब, एका दिवसात सहा. गोळ्या थांबवल्या, फोन केला, दोन दिवस तिथं राहिलो. तिसऱ्या वेळी गोळ्यांचा डोस थोडा कमी केला. मी घाबरून विचारलं, 'पूर्ण डोसनं' म्हणाला होतात ना. डॉक्टर म्हणाले, झेपेल तेवढा पूर्ण. सोसत नसताना रेटून सगळंच बंद पडण्यापेक्षा हे बरं.

आप्पा रोज सकाळी एक कडी वळवतात. वही ठेवली आहे, किती मिनिटं लागली ते स्वतःच लिहितात. पहिल्या पानावर ३, ३, ४ आहे. या आठवड्यात ५, ६, ५.

थोरले काका प्रत्येक केमोला गाडी घेऊन येतात. काही बोलत नाहीत, डबा घेऊन बाहेर बसतात.

---

ऊसकरी | ५ जानेवारी, सकाळी ७:००

काकांचं वाचून बरं वाटलं बघा. माणूस येऊन बसतोय ह्येच लई झालं.

---

हुपरीची_लेक | २६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

चौथी २३ जानेवारीला झाली, शेवटची गोळी ६ फेब्रुवारीला. सीईए ऑपरेशनआधी ६.८ होता, आता १.९. पुढं तीन महिन्यांनी पुन्हा, सीटी वर्षाला, कोलोनोस्कोपी ऑक्टोबरमध्ये. भाऊ ४१ चा आहे. त्याची कोलोनोस्कोपी मागच्या आठवड्यात झाली, एक छोटा पॉलिप निघाला, तिथंच काढून टाकला. टिपणवही दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर तो गेला नसता.

एक काळजी आहे म्हणून लिहिते. औषध बंद होऊन तीन आठवडे झाले तर मुंग्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्यात. वहीत ८ मिनिटं आहेत. आप्पा काही म्हणत नाहीत पण काल पेटी लवकर बंद केली.

---

टिपणवही | २६ फेब्रुवारी, रात्री ९:५५

भावाचं ऐकून फार बरं वाटलं.

ऑक्सॅलिप्लॅटिनचं हे ठाऊक असलेलं वागणं आहे. बंद केल्यावरही दोन-तीन महिने बधिरपणा थोडा वाढू शकतो, मग हळूहळू उतरायला लागतो. उतरायला कित्येक महिने लागतात. डॉक्टरांना वही दाखवा. दुखत असेल, आग होत असेल तर ड्युलोक्सेटिन नावाचं औषध आहे, ते त्यांना विचारा. नुसत्या बधिरपणाला त्याचा फारसा उपयोग नाही.

---

केमोवॉर्ड_ताई | २६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

आणि चालायला लावा त्यांना. २०२५ मध्ये आपल्याच आजाराच्या ८८९ रुग्णांचा अभ्यास आला. केमो संपल्यावर तीन वर्षं कुणीतरी पाठीशी राहून नियमित व्यायाम करून घेतला, त्यांच्यात पाच वर्षांनी आजार न उलटलेले ८०.३ टक्के होते, नुसती माहितीपुस्तिका दिलेल्यांत ७३.९. भरभर चालणं सुद्धा चालतं. फक्त पायाकडे बघून, पट्ट्याच्या सँडलमध्ये.

---

हुपरीची_लेक | १९ मे, सकाळी ६:४०

आजच्या पानावर ५ लिहिलंय. काल ६ होतं.

थोरले काका रोज पहाटे हाक मारायला येतात, दोघं बाजारपेठेतून माळापर्यंत चालून येतात. आज परत आल्यावर आप्पा पेटी काढून बसलेत, घुंगरं निवडतायत. माझ्या लेकीच्या वाढदिवसाला पैंजण करायचंय म्हणाले, जून अखेरला. म्हटलं घाई नको. तर म्हणाले, "घाई कुठं, दीड महिना हाय की."